दिवसपाळी आणि रात्रपाळी : नील-हरित शैवालांच्या नायट्रोजन-स्थिरीकरणाची शोधकथा

नायट्रोजन-चक्राची आकृती फळ्यावर काढताना आपण हवेतील नायट्रोजनपासून जमिनीकडे येणारा एक बाण काढतो आणि त्याच्याशेजारी 'जिवाणू व नील-हरित शैवाल' असे लिहितो. पुढे प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात हेच नील-हरित शैवाल पुन्हा भेटतात. वनस्पतींप्रमाणेच ते पाण्याचे विघटन करतात आणि ऑक्सिजन बाहेर सोडतात, असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. दोन्ही विधाने बरोबर आहेत. पण ती शेजारी शेजारी ठेवली की एक अडचण उभी राहते. नायट्रोजन पकडणारे जे विकर आहे ते ऑक्सिजनच्या संपर्कात आले की निकामी होते. मग जो जीव स्वतःच ऑक्सिजन तयार करतो, त्याला हे काम जमते कसे?

या प्रश्नात प्रकाशाची भूमिका दुहेरी आहे. नायट्रोजन पकडायला भरपूर ऊर्जा लागते आणि ती प्रकाशातून मिळते. त्याच प्रकाशामुळे ऑक्सिजनही तयार होतो. ही गाठ सुटायला अनेक दशके लागली. तिचा एक मोठा भाग सुटला तो दिव्याचे बटण बंद केल्यावर, आणि त्यात श्वसनाचा वाटा कोणालाही प्रथम वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. ही हकीकत आपण क्रमाने पाहू.

नावाबद्दल सुरुवातीलाच एक खुलासा. नील-हरित शैवालांच्या पेशीत केंद्रक नसते. रचनेने ते जिवाणूच आहेत आणि म्हणून त्यांना आता सायनोबॅक्टेरिया म्हणतात. शेतकऱ्यांच्या व शिक्षकांच्या परिचयाचे जुने नावच आपण या लेखात वापरू.

भातखाचरातला तवंग

हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात, द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींमध्ये हवेतला नायट्रोजन बांधला जातो, हे दाखवून दिले. त्यापाठोपाठ १८८९ मध्ये फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी नील-हरित शैवालही हे काम करत असावेत असे सुचवले. पण या शैवालांभोवती चिकट बुळबुळीत आवरण असते आणि त्यात इतर जिवाणू अडकून राहतात. नायट्रोजन पकडला तो शैवालाने की त्याला चिकटलेल्या जिवाणूने, हे सांगणार कसे? हा संशय चाळीस वर्षे टिकला. १९२८ मध्ये ड्रेव्हेस यांनी नॉस्टॉक व अ‍ॅनाबिना यांची जिवाणूरहित संवर्धने तयार करून प्रयोग केले, तेव्हा शैवालांची बाजू खरी ठरली.

या शोधाला शेतीचे महत्त्व मिळाले ते मात्र भारतातील भातशेतीमुळे. भाताच्या जमिनीत वर्षानुवर्षे फारसे खत न घालता पीक निघते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक होते. तो नत्र येतो कोठून? १९१३ च्या सुमारास हॅरिसन आणि सुब्रमण्य अय्यर यांनी भातखाचरांतील वायूंचा अभ्यास केला. चिखलावर वाढणारा शैवालांचा तवंग पाण्यात ऑक्सिजन सोडतो आणि तो भाताच्या मुळांना उपयोगी पडतो, असे त्यांनी दाखवले. पुढे पी. के. डे यांनी भारतातील भातजमिनींतून शैवाल वेगळे केले. लंडनमधील प्रा. फ्रित्श यांच्याबरोबर १९३८ मध्ये आणि नंतर १९३९ मध्ये स्वतंत्रपणे त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. भातखाचरातील नत्रवाढीचे प्रमुख कारण नील-हरित शैवाल हेच आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील प्रा. आर. एन. सिंह यांनी १९४२ मध्ये ऑलोसिरा या भातशेतीत सर्रास आढळणाऱ्या शैवालावर काम केले, १९५० मध्ये शैवालांच्या साहाय्याने उसर म्हणजे खारपड जमिनी सुधारण्याचा मार्ग सुचवला आणि १९६१ मध्ये या विषयावरचा विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी शैवाल-खताचे तंत्र विकसित केले.

आता या दोन गोष्टी एकत्र पाहा. हॅरिसन व अय्यर यांचा तवंग ऑक्सिजन देत होता, आणि डे यांचा तवंग नायट्रोजन पकडत होता. तवंग एकच! यात काही विसंगती आहे असे त्या वेळी कोणालाही वाटले नाही, कारण नायट्रोजन पकडणाऱ्या विकराचा स्वभाव अजून कळायचा होता.

ऑक्सिजनशी वैर असलेले विकर

नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. कारखान्यात तो बंध तोडून अमोनिया करायला सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. हेच काम नायट्रोजिनेज नावाचे विकर साध्या तापमानाला करते. मात्र त्याची किंमत मोठी आहे. नायट्रोजनच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी रेणू खर्ची पडतात आणि आठ इलेक्ट्रॉन पुरवावे लागतात.

१९६० मध्ये अमेरिकेत कार्नाहन, मॉर्टेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लॉस्ट्रिडियम या जिवाणूच्या पेशी फोडून, पेशीबाहेरच्या अर्कात नायट्रोजन-स्थिरीकरण घडवून आणले. यानंतर नायट्रोजिनेजचा अभ्यास झपाट्याने पुढे गेला आणि त्याची ऑक्सिजनविषयीची असहिष्णुता स्पष्ट झाली. हवेत ठेवलेले शुद्ध नायट्रोजिनेज काही मिनिटांत निकामी होते. हे विकर फार प्राचीन आहे. पृथ्वीच्या वातावरणात ऑक्सिजन साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तो साठवला नील-हरित शैवालांच्याच पूर्वजांनी. ऑक्सिजन नसलेल्या जगातले हत्यार या जीवांनी ऑक्सिजनच्या जगातही टाकून दिले नाही. ते टिकवण्यासाठी त्यांना काही तरी युक्ती काढावी लागली असणार.

१९६६ च्या सुमारास मोजमापाची एक सोपी पद्धत हाती आली. नायट्रोजिनेज हे ॲसिटिलीन वायूचे इथिलीनमध्ये रूपांतर करते, असे डिलवर्थ आणि शॉलहॉर्न व बरिस यांना दिसून आले. वेल्डिंगच्या दुकानात वापरतात तोच हा ॲसिटिलीन. बंद बाटलीत शैवाल ठेवायचे, थोडे ॲसिटिलीन सोडायचे आणि काही वेळाने इथिलीन किती झाले ते गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजायचे. पूर्वी ज्या मोजणीला आठवडे लागत ती तासाभरात होऊ लागली. दिवसाच्या कोणत्या वेळी किती नायट्रोजन पकडला जातो, हा प्रश्न विचारणे या पद्धतीमुळेच शक्य झाले.

माळेतला वेगळा मणी

अ‍ॅनाबिना किंवा नॉस्टॉक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर मण्यांच्या माळेसारखे तंतू दिसतात. साधारण दहा ते वीस हिरव्या पेशींनंतर एक पेशी वेगळी दिसते. ती फिकट आणि जाड भिंतीची असते. तिला हेटरोसिस्ट म्हणतात. ही पेशी कशासाठी असते याविषयी शंभर वर्षे तर्क चालू होते. प्रा. फ्रित्श यांनी १९५१ मध्ये तिच्यावर दिलेल्या व्याख्यानाच्या शीर्षकातच तिला वनस्पतिशास्त्रातले कोडे म्हटले होते. त्याआधी १९४९ मध्ये फॉग यांनी एक महत्त्वाचा धागा हाती दिला होता. पाण्यात अमोनिया मिळत असेल तर शैवाल हेटरोसिस्ट तयार करत नाही. तयार नत्र मिळेनासा झाला की सुमारे एका दिवसात नवे हेटरोसिस्ट दिसू लागतात.

१९६८ मध्ये लंडनच्या वेस्टफिल्ड कॉलेजातील फे, स्ट्युअर्ट, वॉल्सबी आणि फॉग यांनी थेट प्रश्न विचारला : नायट्रोजन-स्थिरीकरणाची जागा हेटरोसिस्ट हीच तर नव्हे? दुसऱ्याच वर्षी स्ट्युअर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेटरोसिस्टमध्ये नायट्रोजिनेज काम करते, याचा पुरावा दिला. मग प्रश्न उरला ऑक्सिजनचा. त्याचे उत्तर देण्यात मुंबईचाही वाटा आहे. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील जे. थॉमस यांनी १९७० मध्ये असे दाखवले की, प्रकाशसंश्लेषणाच्या दोन यंत्रणांपैकी पाण्यापासून ऑक्सिजन मोकळा करणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेची रंगद्रव्ये हेटरोसिस्टमध्ये नसतात. म्हणजे या पेशीने ऑक्सिजन निर्माण करणारे खातेच बंद केलेले असते. पहिली यंत्रणा मात्र चालू असते. ती प्रकाश शोषून एटीपी बनवते.

चित्र असे तयार झाले. शेजारच्या हिरव्या पेशी साखर तयार करून हेटरोसिस्टला पुरवतात. हेटरोसिस्ट तिचे विघटन करून इलेक्ट्रॉन मिळवतो, प्रकाशापासून एटीपी मिळवतो, नायट्रोजन पकडतो आणि ग्लुटामिनच्या रूपात तो शेजाऱ्यांना परत देतो. ही देवाणघेवाण वोक, थॉमस, मीक्स आदींनी १९७० च्या दशकात अमेरिकेत नायट्रोजन-१३ वापरून उलगडली. या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल जेमतेम दहा मिनिटांचा असल्यामुळे प्रयोग अक्षरशः धावपळीत करावे लागत.

म्हणजे अ‍ॅनाबिनाने काम जागेनुसार वाटून घेतले. उन्हात दोन्ही खाती एकाच वेळी चालतात, पण वेगवेगळ्या खोल्यांत. अंधार झाला की हेटरोसिस्टचा एटीपीचा मुख्य झरा आटतो. मग तो साठवलेल्या साखरेच्या श्वसनावर कसेबसे काम चालू ठेवतो आणि नायट्रोजन-स्थिरीकरणाचा वेग घसरतो. ही झाली दिवसपाळी.

उजेडात श्वसन मोजायचे कसे?

येथे आपल्याला थोडे मागे जावे लागेल. 'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन करतात' हे चुकीचे वाक्य उत्तरपत्रिकांत आपण कितीदा तरी खोडतो. श्वसन अहोरात्र चालते, असे आपण सांगतो. पण उजेडात श्वसन चालू आहे हे सिद्ध कसे करायचे? उजेडात शैवाल ऑक्सिजन सोडतेही आणि घेतेही. आपल्या हाती येते ती फक्त वजाबाकी.

१९५३ मध्ये ब्राउन आणि वेब्स्टर यांनी अ‍ॅनाबिनावर एक सुंदर युक्ती वापरली. बाटलीतल्या हवेत त्यांनी ऑक्सिजन-१८ या जड समस्थानिकाचा ऑक्सिजन घातला. पाणी मात्र साधेच ठेवले. प्रकाशसंश्लेषणातून येणारा ऑक्सिजन पाण्यातून येतो, म्हणून तो साधा असणार. श्वसनात वापरला जाणारा ऑक्सिजन हवेतून जातो, म्हणून जड ऑक्सिजन जितका घटला त्यावरून श्वसन मोजता येणार. जमा आणि खर्च अशा रीतीने वेगळे झाले. याच पद्धतीने होक, ओवेन्स आणि कोक यांनी १९६३ मध्ये दुसऱ्या एका नील-हरित शैवालावर प्रयोग केले. मंद प्रकाश पडताच श्वसनाचा वेग कमी होतो, असे त्यांत आढळले.

असे का व्हावे? आपल्या पेशींत श्वसनासाठी तंतुकणिका असतात आणि वनस्पतींत प्रकाशसंश्लेषणासाठी वेगळी हरितलवके असतात. नील-हरित शैवालांत दोन्हींपैकी काहीच नसते. पेशीतल्या त्याच पटलांवर दोन्ही क्रिया चालतात. १९८० मध्ये हिरानो, सातो आणि कातो या जपानी संशोधकांनी, प्लास्टोक्विनोन हा इलेक्ट्रॉन-वाहक दोन्ही क्रियांना सामाईक आहे, असे दाखवले. एकेरी पुलावरून दोन रस्त्यांची वाहने जावीत, तसा हा प्रकार आहे. उजेड पडला की पुलावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशयंत्रणा ओढून घेते आणि श्वसनाच्या वाट्याला कमी येतात. अंधार झाला की पूल श्वसनाला मोकळा मिळतो. 'श्वसन अहोरात्र चालते' हे आपले वाक्य बरोबरच आहे, पण या जीवांत प्रकाश त्या श्वसनाचा वेग बदलतो, एवढी पुस्ती त्याला जोडायला हवी.

श्वसन : इंधन आणि पहारा

हेटरोसिस्टच्या गोष्टीत आणखी एक छिद्र राहिले होते. हेटरोसिस्ट स्वतः ऑक्सिजन तयार करत नाही हे खरे, पण शेजारच्या पेशी भर उन्हात तो तयार करतच असतात. जाड भिंत ऑक्सिजनला अडवते, असे सोपे उत्तर दिले जाई. ते पुरेसे नाही, कारण नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या रेणूंच्या आकारात फारसा फरक नाही. एकाला आत घेऊन दुसऱ्याला बाहेर ठेवील अशी चाळणी भिंतीत बसवता येत नाही. आणि नायट्रोजन तर आत यायलाच हवा.

वॉल्सबी यांनी १९८५ मध्ये हेटरोसिस्टच्या भिंतीची वायूंसाठीची पारगम्यता मोजली आणि हा प्रश्न हिशेबाने सोडवला. भिंत दोन्ही वायूंना आत सोडते, पण सावकाश. हवेत नायट्रोजन ७८ टक्के आणि ऑक्सिजन २१ टक्के. दार इतके अरुंद ठेवायचे की गरजेपुरता नायट्रोजन आत येईल, आणि त्याच्याबरोबर जो ऑक्सिजन शिरेल तो श्वसनाने लगेच वापरून संपवायचा. भिंत आणि श्वसन या जोडीने पहारा होतो. एकट्या भिंतीने होत नाही.

याचा निर्णायक पुरावा २००३ मध्ये मिळाला. व्हायादारेस आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅनाबिनाच्या एका जातीत, हेटरोसिस्टमध्येच चालणाऱ्या दोन श्वसन-विकरांची जनुके निकामी केली. ही विकरे म्हणजे श्वसनाच्या शेवटच्या पायरीवर ऑक्सिजन वापरणारी ऑक्सिडेज. दोन्ही निकामी झाल्यावर त्या शैवालाला हवेतल्या नायट्रोजनवर वाढणे जमेना. श्वसन हे ऊर्जेचे साधन आहे, असे आपण शिकवतो. येथे त्याचे दुसरे काम दिसते : ऑक्सिजन संपवणे, हेच ते काम.

एकाच खोलीचे घर

हेटरोसिस्टचे उत्तर समाधानकारक होते, पण ते सर्वांना लागू पडत नव्हते. १९६९ मध्ये वायट आणि सिल्व्ही यांनी ग्लिओकॅप्सा या एकपेशीय शैवालात नायट्रोजन-स्थिरीकरण आढळल्याचे जाहीर केले. याच प्रकारच्या शैवालाला पुढे ग्लिओथीसी हे नाव मिळाले. येथे माळ नाही आणि वेगळा मणीही नाही. एका खोलीच्या घरात आग आणि बर्फ एकत्र ठेवायचे कसे?

हे कोडे बराच काळ अवघड राहिले, याला आमच्या प्रयोगशाळांची एक सवयही कारण होती. शैवाल लवकर वाढावे म्हणून संवर्धनांवरचे दिवे बहुधा चोवीस तास चालू ठेवले जात. अशा अखंड उजेडातही ग्लिओथीसी नायट्रोजन पकडत असे आणि ऑक्सिजनही सोडत असे. चंबूत कोट्यवधी पेशी असतात आणि आपण मोजतो ती त्यांची सरासरी. एखाद्या शाळेत प्रत्येक वर्गाची मधली सुट्टी वेगळ्या वेळी असेल, तर रस्त्यावरून जाणाऱ्याला मुलांचा गलका सतत ऐकू येईल. एकेक वर्ग केव्हा अभ्यास करतो आणि केव्हा खेळतो, हे त्याला कळणार नाही. सगळ्यांना एकाच घंटेवर आणले की मगच वेळापत्रक दिसते.

ती घंटा म्हणजे रात्र. वेल्समधील स्वॉन्झी येथे मलिनो, गॅलन आणि चॅप्लिन यांनी १९८१ मध्ये शैवालांना आळीपाळीने उजेड आणि अंधार दिला. हेटरोसिस्ट असलेल्या शैवालाने अपेक्षेप्रमाणे उजेडात नायट्रोजन पकडला. ग्लिओथीसीने मात्र तो अंधारात पकडला! दिवसा प्रकाशसंश्लेषण करून ते ग्लायकोजेनचा साठा करत होते. रात्री त्या साठ्याचे श्वसन करून एटीपी व इलेक्ट्रॉन मिळवत होते, आणि त्याच श्वसनाने पेशीतला ऑक्सिजन खाली आणत होते. जागेऐवजी वेळ वाटून घेतली होती. ही झाली रात्रपाळी.

१९८६ मध्ये मियामीच्या मित्सुई यांच्या गटाने समुद्रातल्या एकपेशीय शैवालांच्या पेशी एका लयीत आणून दाखवले की, पेशी विभाजनाच्या चक्रातही या दोन क्रिया वेगवेगळ्या टप्प्यांवर येतात. सरासरीने झाकलेले वेळापत्रक उघड झाले.

पेशीतले घड्याळ

याच वर्षी एक अनपेक्षित गोष्टही पुढे आली. तैवानमधील हुआंग यांनी भातखाचरातून सिनेकोकॉकस आरएफ-१ हे शैवाल मिळवले होते. ग्रोबेलार, हुआंग आणि सहकाऱ्यांनी त्याला काही दिवस बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशी सवय लावली आणि मग अखंड उजेडात ठेवले. रात्र आता नव्हती. तरीही जेव्हा रात्र झाली असती त्याच सुमारास ते नायट्रोजन पकडू लागले, आणि हा क्रम दिवसामागून दिवस चालू राहिला. म्हणजे अंधार हे कामाचे कारण नव्हते, घड्याळ लावण्याचे साधन होते. घड्याळ पेशीच्या आत होते.

तोवर असे मानले जाई की चोवीस तासांचे जैविक घड्याळ केंद्रक असलेल्या पेशींतच असते. काही तासांत विभागणाऱ्या जिवाणूला दिवसाचे घड्याळ काय कामाचे? हा समज भातखाचरातल्या एका शैवालाने मोडला. पुढे १९९३ मध्ये कोंडो, गोल्डन, इशिउरा आणि जॉन्सन यांनी नायट्रोजन न पकडणाऱ्या एका जातीत चमकणारे जनुक बसवून हे घड्याळ डोळ्यांना दिसेल असे केले. १९९८ मध्ये त्याची काइ-ए, काइ-बी आणि काइ-सी ही जनुके सापडली. २००५ मध्ये तर कोंडो यांच्या गटाने या तीन प्रथिनांत फक्त एटीपी घालून परीक्षानळीतच सुमारे चोवीस तासांचे घड्याळ चालवून दाखवले.

नायट्रोजन पकडणाऱ्या जातींतही वेळापत्रकाचे बारकावे कळले. सायनोथीसी ५११४२ या टेक्सास किनाऱ्याजवळच्या जातीवर अमेरिकेत शर्मन यांच्या गटाने १९९३ पासून काम केले. या जातीला आज क्रोकोस्फेरा सबट्रॉपिका म्हणतात. तिच्यात दिवस मावळताना कर्बोदकांचे कण सर्वांत मोठे झालेले असतात. अंधार पडल्यावर काही तासांतच श्वसन आणि नायट्रोजन-स्थिरीकरण, दोन्ही एकाच वेळी शिगेला पोचतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तर असे दिसले की, नायट्रोजिनेज दर रात्री नव्याने तयार होते आणि उजाडल्यावर नष्ट होते. इतके महागडे विकर रोज मोडून रोज नवे घडवणे उधळपट्टीचे वाटते. पण त्यातले लोह आणि प्रथिनांचे घटक दिवसा पेशीच्या इतर कामांना मोकळे होतात, हेही ध्यानात घ्यायला हवे.

नियमाला अपवाद

येथे गोष्ट संपली असती तर फळ्यावर दोन रकाने आखून मोकळे होता आले असते. समुद्राने तसे होऊ दिले नाही. ट्रायकोडेस्मियम हे तंतुमय शैवाल उष्ण समुद्रांत भुशासारखे तरंगते. गोव्याच्या किनाऱ्यावर उन्हाळ्याच्या तोंडाला येणाऱ्या त्याच्या बहरांचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील देवासी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. याला हेटरोसिस्ट नसतात, तरीही ते नायट्रोजन पकडते आणि तेही भर दुपारी. २००१ मध्ये बर्मन-फ्रँक व सहकाऱ्यांनी दाखवले की, दुपारी नायट्रोजन-स्थिरीकरण वाढते तेव्हा ऑक्सिजन सोडणाऱ्या यंत्रणेचे काम मंदावते आणि ऑक्सिजन खाणाऱ्या क्रिया जोर धरतात. जागा आणि वेळ दोन्हींची वाटणी येथे अर्धवट आणि एकत्र दिसते.

याहून नवल २००८ मध्ये कळले. समुद्रात सर्वत्र पसरलेल्या एका सूक्ष्म नील-हरित शैवालात ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणाच नाही, असे झेर यांच्या गटाला आढळले. ते दुसऱ्या एका शैवालाच्या सोबतीने राहते, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले. २०२४ मध्ये तर, ते आता स्वतंत्र जीव राहिले नसून यजमान पेशीचे एक अंगक झाले आहे, असा निष्कर्ष निघाला. त्याला नायट्रोप्लास्ट असे नाव मिळाले. हेटरोसिस्टने एका पेशीत जे केले, ते येथे संपूर्ण जीवाने केले.

शेती आणि वर्ग

हा प्रश्न पुस्तकी नाही. भात, गहू, ज्वारी यांनी स्वतःच हवेतला नायट्रोजन पकडावा, अशी इच्छा शास्त्रज्ञांना फार दिवसांपासून आहे. त्यासाठी नायट्रोजिनेजची जनुके वनस्पतीच्या पेशीत नेली की काम झाले, असे नाही. विकराला ऑक्सिजनपासून वाचवावे लागते आणि ऊर्जाही पुरवावी लागते. म्हणूनच काही गट हे विकर तंतुकणिकेत बसवण्याचा प्रयत्न करत आहेत. श्वसन जेथे ऑक्सिजन संपवते आणि एटीपी बनवते, ती जागा त्यांनी निवडली आहे. शैवालांनी शिकवलेला धडाच ते गिरवत आहेत.

विद्यार्थ्यांना यातले काही प्रत्यक्ष दाखवता येते. गुरांच्या खाद्यासाठी अनेक ठिकाणी अझोला वाढवतात. त्याच्या पानांत अ‍ॅनाबिना राहते. एक लहान पान काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवावे, वर आवरणकाच ठेवून हलकेच दाबावे आणि ४० पट भिंगाखाली पाहावे. पानातून बाहेर पडलेल्या माळा दिसतील आणि त्यांत मोठ्या, फिकट, जाड भिंतीच्या पेशी ओळखू येतील. त्या मोजायला सांगावे. मग विचारावे : ही पेशी फिकट का? तिच्यात कोणते काम बंद आहे? ते बंद नसते तर काय झाले असते?

यानंतर ग्लिओथीसीची हकीकत सांगावी आणि एक प्रश्न पुढे ठेवावा. अखंड उजेडातले प्रयोग खोटे होते का? नव्हते. त्यांतले आकडे बरोबर होते. फक्त त्या चंबूंना रात्र माहीत नव्हती, आणि जे शैवाल मुळात दिवस-रात्रीच्या जगात वाढले त्याच्या सवयी रात्र न दाखवता कळणार नव्हत्या. प्रयोगवहीत आपण तापमान लिहितो, आम्लता लिहितो. त्यांच्या शेजारी 'उजेड किती व किती वेळ' हाही एक रकाना विद्यार्थ्यांकडून आखून घ्यावा, मग प्रयोग मटकी भिजवण्याचा असला तरी.